हिप्परग्याच्या बांधापर्यंत, वाऱ्याच्या कलाने

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘डिसेंबरच्या सुट्टीत माहेरी सोलापूरला येतेय. सोबत मुलगी (१४) आणि मुलगा (११). बाबा ६४ वर्षांचे, अजूनही सायकलवरच मंडईत जातात. आम्हा चौघांना एक अख्खा दिवस सायकलवर, तळ्याकाठी, निवांत घालवायचा आहे. शर्यत नको. मुलांना जरा इतिहासही कळावा. सोलापुरात असं काही आहे का, की उन्हात धूळ खाऊन परत यायचं? अंतर किती, कधी निघावं, काय न्यावं? आणि मुलगा मध्येच कंटाळला तर?’

ताई, असं ठिकाण आहे, आणि ते तुम्ही लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असणार. तुळजापूरला जाताना शहर सुटलं की थोड्याच वेळात मोठं पाणी दिसायचं, तोच हिप्परग्याचा तलाव. कागदोपत्री एकरूख तलाव. गेली अठरा-एकोणीस वर्षं मी घरच्या, शेजारच्या, ओळखीपाळखीच्या लोकांना तिथं सायकलवर नेतोय. त्यात गुडघे दुखणारे मास्तर होते, नऊ वर्षांच्या मुली होत्या, आणि ‘मला सगळं येतं बे’ म्हणणारे, पण बाराव्या किलोमीटरला गप्प झालेले तरणेबांड गडीही होते.

सोलापुरात सायकलवरचा निवांतपणा घड्याळावर ठरतो. तीच वाट सकाळी सातला केली तर गप्पा मारत जाता, आणि दुपारी साडेबाराला केली तर एकमेकांशी भांडत येता. मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. एका मार्चमध्ये आम्ही बांधावर फोटो काढत बसलो आणि परत निघायला पावणेबारा वाजले. आठ-दहा किलोमीटर तर जायचंय, असं मीच म्हणालो. वाटेत आमच्यातल्या एका काकांना घेरी आली. लिंबाच्या सावलीत दोन तास त्यांच्या डोक्यावर ओलं उपरणं ठेवून बसलो. तेव्हापासून माझा नियम असा की ऊन चढायच्या आत सावली गाठायची आणि ऊन कलल्यावरच ती सोडायची. डिसेंबरात ऊन जिवावर येत नाही, पण नियम तोच ठेवा. मुलांना दुपारचा आराम फार आवडतो, फक्त तसं ते कबूल करत नाहीत.

आता वारा. थंडीत आपल्याकडे तो बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो. पहाटे पडलेला असतो, नऊ-दहाला उठतो, दुपारी चांगला वाहतो. तलाव शहराच्या उत्तर-ईशान्य अंगाला आहे. म्हणजे सकाळी लवकर निघालात तर वाऱ्याच्या आधी पोचता, आणि तिसऱ्या प्रहरी परतताना तोच वारा पाठीवर घेऊन येता. चढाचंही तसंच. हा तलाव ज्या आदिला नदीवर आहे ती उत्तरेकडून उतरत येते, म्हणजे तिकडे जाताना एकूण चढ लागणार. तो डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. जाताना पाय ताजे, येताना उतार आणि वारा दोन्ही आपले. याच कारणाने मी नवख्या माणसांना पहिल्या दिवशी विजापूर रस्त्याला नेत नाही. तिकडे जाताना मजेत जातो आणि परतताना वारा तोंडावर येतो.

डिसेंबरअखेर सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. तुम्ही साडेसहाला सिद्धेश्वर तळ्यापाशी असा. तुमचं माहेर दुसऱ्या टोकाला असलं तरी सुरुवात इथूनच करा. तुम्ही मुलांना इतिहास दाखवायचा म्हणालात, आणि आजच्या वाटेवरचा इतिहास सगळा पाण्याचाच आहे. या वाटेवरची दोन्ही तळी माणसांनी केलेली. पहिलं बाराव्या शतकातलं, दुसरं एकोणिसाव्या. मध्ये साडेसहाशे-सातशे वर्षं, आणि सायकलवर एक तास.

सिद्धरामेश्वर बसवेश्वरांच्या काळातले शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत, आणि गावाचं जुनं नाव सोन्नलगी. गावाभोवती त्यांनी ६८ लिंगं स्थापली आणि लोकांच्या हातांनी हे तळं खणून घेतलं, असं इथला प्रत्येक म्हातारा सांगतो. देवळाभोवती पाणी कसं येतं ते मुलांना काठावरून पाहू द्या, आत मग जा. तुम्ही येताय त्या दिवसांत शेजारच्या होम मैदानावर सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेची लगबग सुरू असेल. यात्रा संक्रांतीला, जानेवारीच्या मध्याला. त्या आठवड्यात मात्र सायकल घेऊन या भागात येऊ नका. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला चालत या.

तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला. बहमनी काळातला, पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात या किल्ल्यावरून वर्षानुवर्षं ओढाताण झाली. तुमच्या मुलीला एक गोष्ट नक्की सांगा. अहमदनगरच्या चांदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी ठरलं तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला गेला. हुंड्यात किल्ला म्हटल्यावर चौदा वर्षांची मुलगी जो चेहरा करते तो पाहण्यासारखा असतो. सकाळी आत शिरत बसू नका. तटाबाहेरून, खंदकाकडे बघत एक फेरी पुरे. आतून बघायचा असेल तर दुसऱ्या दिवशी, पायी.

इथून रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूने तुळजापूर रस्ता धरायचा. हा टप्पा या दिवसातला सगळ्यात नावडता, म्हणून लवकर उरकायचा. रस्ता आता चौपदरी आहे आणि डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, मागची ट्रॉली झुलत असते, आणि चालकाला तिचं शेपूट दिसत नाही. तो पुढे गेला म्हणून आत वळू नका, दुसरी ट्रॉली जाईपर्यंत कडेला राहा. जिथं सेवा रस्ता आहे तिथं तोच धरा. एका मागे एक चाला. लोक मजबूत माणसाला पुढे ठेवतात, तिथंच चुकतं. सगळ्यात हळू चालवणारा पुढे, म्हणजे तुमचा मुलगा. त्याच्या मागे बाबा, मग मुलगी, शेवटी तुम्ही. पुढचा जो वेग धरेल तो सगळ्यांचा वेग. मुलगा पुढे असला की त्याला आपण म्होरके आहोत असं वाटतं आणि कंटाळ्याचा अर्धा प्रश्न तिथंच मिटतो. वेग बरोबर आहे का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. दम न लागता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. तुमच्या मंडळींसाठी तो तासाला दहा-बारा किलोमीटर पडेल.

महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागलात की आवाज बंद होतो. हे इतकं अचानक होतं की नव्या लोकांना कानात दडे बसल्यासारखं वाटतं. पुढे ज्वारी, हरभरा, मध्येच करडईचे काटेरी पट्टे, आणि समोर लांबच लांब आडवी रेघ. ती रेघ म्हणजे बांध.

या बांधापाशी तासभर घालवा. वरून चालायला मनाई असेल किंवा पहारेकरी नको म्हणाला तर वाद घालू नका, पायथ्याकडूनही तो तितकाच कळतो. एकरूख तलाव १८७१ साली पुरा झाला. मातीचा बांध आहे, लांबी सव्वादोन किलोमीटरच्या वर आणि पायापासून उंची एकवीस मीटरच्या आसपास, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढी. मुलं विचारतात की माती पाण्यात विरघळत कशी नाही? उत्तर त्यांना तिथंच दाखवता येतं. बांध वर अरुंद आणि खाली अतिशय रुंद असतो. पाण्याचा दाब जितका खोल तितका जास्त, म्हणून पायाशी मातीचा पसाराही तितकाच मोठा. पाण्याच्या बाजूला दगड बसवलेले दिसतील, ते लाटांनी माती खरवडू नये म्हणून. आणि मग सांडवा दाखवा. मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहिलं की तो गेलाच समजा, काही तासांत चर पडून फुटतो. म्हणून जास्तीचं पाणी बांधावर चढायच्या आत बाजूनं निघून जायला सांडवा ठेवतात. माझ्या मते कुठल्याही धरणावर गेलं की आधी सांडवा शोधावा. बांधणाऱ्याला कशाची भीती वाटत होती ते तिथं दिसतं.

हा तलाव इंग्रजांच्या अंमलात शेतीच्या पाण्यासाठी बांधला, कालवे काढले. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात, तोही लहरी. तलाव झाल्यावर पाचच वर्षांत, १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. एका तलावानं जिल्हा वाचत नसतो, तरी पुढच्या काळात इथं तळी बांधायचा धडाका का लागला ते या वर्षांवरून कळतं. मोहोळकडचा आष्टी तलावही त्याच काळातला. शहराची तहान भागवण्यातही हिप्परग्याचा वाटा राहिला आहे. आज उजनीचं नाव मोठं, पण उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला, ताई, या बांधावर उभं राहिल्यावर मी काही सांगायची गरज पडत नाही. बाबांना बोलू द्या. कुठल्या वर्षी तलाव कोरडा पडला होता, कुठल्या वर्षी सांडवा वाहिला, हे त्या पिढीला पाठ असतं.

पाखरांसाठी दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर नका विकत आणू. डिसेंबरात पट्टकदंब आलेले असतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. ते तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. रात्री आणि भल्या पहाटे आसपासच्या हरभऱ्यात, गव्हात चरतात आणि ऊन चढलं की पाण्याच्या काठाला येऊन बसतात. म्हणजे तुम्ही नऊच्या सुमाराला पोचलात तर ते जेवून आलेले, सुस्तावलेले भेटतात. नारिंगी-तांबूस रंगाची जोडीनं फिरणारी बदकं म्हणजे चक्रवाक. लांब लाल काड्यांसारखे पाय असलेले शेकाट्या. आणि काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा लावलेले, घोळक्यानं पोहणारे ते वारकरी. होय, त्या पाणपक्ष्याचं मराठी नावच वारकरी. मुलगा हे नाव परत येईपर्यंत विसरणार नाही. फ्लेमिंगो दिसतील या आशेनं जाऊ नका, आले तर आले. पाण्याच्या पातळीवर ते ठरतं, आणि पाणी फार भरलेलं असलं की चिखलात चरणारी पाखरं उलट कमी दिसतात. पाखरं दिसली की सायकल आडवी करून खाली बसा. उभ्या माणसाला ती जितकी बुजतात तितकी बसलेल्याला बुजत नाहीत.

जेवणासाठी हॉटेल शोधू नका. आपल्या मुलखानं सायकलवाल्यासाठीच केल्यासारखं जेवण आधीच करून ठेवलंय: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी दोन दिवस पिशवीत राहिली तरी बिघडत नाही, उन्हानं घाम फुटत नाही, डब्याची गरज नाही, सुती कापडात बांधली की झालं. वर दही मिळालं तर सोनं. मुलं कुरकुर करतील म्हणून केळी आणि गूळपोळी ठेवा. चिप्सचे पुडे नकोत, तहान वाढते आणि पुडे तलावात उडतात. पाणी माणशी दोन लीटर. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. एका बाटलीत लिंबू, साखर आणि मीठ घातलेलं.

आणि हुरडा! तुमची वेळ अगदी हुरड्याच्या तोंडाशी आहे. लवकर पेरलेल्या ज्वारीचा डिसेंबरअखेर मिळतो, जानेवारीत सर्रास. ओळखीचं कुणी असेल तर आधी फोन करून ठेवा, या गावांच्या शिवारात सोलापूरकराचं कुणी ना कुणी पाव्हणं निघतंच. गोवऱ्यांची आगटी, गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, लसणाची चटणी, गूळ, दही. पैसे घेऊन हुरडा पार्टी करणाऱ्या बागाही आहेत, पण तिथं झोपाळे आणि गाणी असतात. मला विचाराल तर घरच्या शेतातला अर्धा तास त्या अख्ख्या दिवसापेक्षा बरा. एकच पथ्य. हुरडा खाल्ल्यावर लगेच सायकलवर बसायचं नाही. तो पोटात फुगतो, वर गार पाणी प्यायलं तर जास्तच. तास-दीड तास आडवं व्हायचं. तुमची दुपारची सावली याच हिशेबात बसवा.

शेतात शिरताना आधी हाक मारा, ‘मालक, जरा सावलीला बसू का?’ कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. न विचारता हरभऱ्याचे डहाळे मात्र उपटू नका. हरभऱ्यावरून आठवलं, सकाळी त्याच्या पानांवर आंब असते, तो आंबट दहिवर. बांधावरून चालताना कापडी बूट त्यानं भिजले तर घरी गेल्यावर साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर कापड विरतं. मुलांना एक पान चाटून बघू द्या. कुणी औषध फवारलं नाही ना, एवढं मालकाला विचारून घ्या.

तीनच्या सुमाराला उठून तलावाकडेच्या गावांतून एक लहानसा फेरा मारा, आठ-दहा किलोमीटरचा. नकाशा बघत बसू नका, पाणी एका हाताला ठेवायचं एवढं पुरे. चावडीपाशी थांबून चहा घ्या. ज्वारी दाणे धरत असल्यामुळे शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभं राहून गोफणीनं पाखरं राखणारा माणूस अजूनही कुठं कुठं दिसतो. गोफण सुटतानाचा तो चाबकासारखा आवाज मुलांनी ऐकायला हवा. हा फेरा धरून दिवसाची बेरीज पंचवीस-तीस किलोमीटर होते. अकरा वर्षांच्या मुलाला हे सहज झेपतं, कारण ते तीन-चार तुकड्यांत विभागलेलं आहे आणि मध्ये झोप आहे.

आता सायकली. माहेरी पडून असलेल्या सायकली बाहेर काढणार असाल तर निदान चार दिवस आधी काढा. टायरच्या बाजूला भेगा पडल्या असतील तर टायर बदलाच, हवा भरून भागत नाही. ब्रेकचे रबर वर्षानुवर्षं पडून दगड होतात, दिसायला नवे वाटतात आणि धरत नाहीत. नख रुतलं पाहिजे. चेनला तेलाचे थेंब टाकून वरचं तेल फडक्यानं पुसून घ्या, ओली चेन आपल्या धुळीत सहाणेसारखी घासते. बाबांची सायकल ते रोज वापरतात म्हणजे ती ठणठणीत असणार, पण त्यांच्या सीटची उंची बघा. त्या पिढीला दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं वाटतं, म्हणून सीट खाली असतं आणि गुडघा पूर्ण उघडत नाही. मंडईपर्यंत चालतं, तीस किलोमीटरला गुडघे धरतात. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा जेमतेम सरळ व्हावा, एवढं सीट वर घ्या. ते ऐकणार नाहीत. एकदम दोन इंच चढवू नका, रोज थोडं थोडं चढवा. (माझ्या वडिलांना मी असंच फसवलं होतं.) गिअर नसले तरी बिघडत नाही. या वाटेवर गिअर लागतील असा चढ एखादाच, तिथं उतरून चाला, उतरून चालण्यात कमीपणा नाही.

आपल्या मुलखातला सायकलचा खरा वैरी सराटा. रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारं ते वेल, त्याची काटेरी फळं कशीही पडली तरी एक काटा वर राहतो. पावसानंतर वाळून डिसेंबरात ती सगळीकडे विखुरलेली असतात. जोडीला वेडी बाभूळ. सावलीला जायचं म्हणून डांबरी सोडून सरळ आत सायकल घातली की गेलीच. उतरा, उचला, झाडाखाली ठेवा. मुलांना हे सकाळीच बजावा, कारण मुलंच आधी सावलीकडे पळतात. टायरमध्ये काटा दिसला आणि हवा जात नसेल तर तो उपटू नका. बहुधा तोच भोक बुजवून बसलेला असतो. पंप आणि सोल्युशन हाताशी घेऊन, सावलीत बसल्यावर काढा. आणि ट्यूबला पॅच लावल्यावर ती घाईनं आत घालू नका. टायरच्या आतून फडकं हळूच फिरवा, जिथं अडकेल तिथं दुसरं टोक आहे. पंक्चर काढून शंभर पावलांत परत पंक्चर, याचं कारण दहात नऊ वेळा हेच. एक जादा ट्यूब ठेवा आणि ती निघण्याआधी फुगवून बघा. एकदा नवी म्हणून विकत घेतलेली ट्यूब माळावर उघडली, तर व्हॉल्व्हच्या बुडाशीच फाटलेली. त्या दिवशी आम्ही टायरमध्ये कडबा कोंबून परतलो. चालते ती युक्ती, पण कंबर धरते.

कुत्र्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. शेतवस्तीवरची कुत्री पळणाऱ्या चाकामागे लागतात. वेग वाढवू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये घ्या, शांतपणे चालत जा. त्याची हद्द संपली की त्याचा उत्साहही संपतो.

हाच बेत पावसाळ्यात करायचा मोह झाला तर एक सांगून ठेवतो. तलाव सप्टेंबरात देखणा असतो, पण गावाच्या कच्च्या वाटा काळ्या मातीच्या आहेत. ती ओली झाली की चाकाला आणि मडगार्डच्या आत अशी भरते की दहा पावलांत चाक फिरेनासं होतं. मी एकदा सायकल खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर आलोय, आणि वीस किलोची सायकल चिखलासकट तीस किलोची झाली होती. पावसात डांबरी सोडायची नाही. कोजागिरीच्या आसपासही तुळजापूर रस्ता टाळा. तेव्हा सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागलेली असते, तो रस्ता त्या दिवसांत त्यांचा.

ही वाट मुलांना आवडली तर पुढच्या वेळी बार्शी रस्त्यानं नान्नजला जा. माळढोक अभयारण्य १९७९ चं आहे. माळढोक दिसेल असं मुलांना कबूल करू नका, तो आता जवळपास उरलेला नाही, पण गवताळ माळावर काळविटांचे कळप धावताना दिसले तरी फेरी वसूल. वनखात्याची परवानगी आधी घ्यायची. त्याच नान्नजच्या मातीत नानासाहेब काळ्यांनी सोनाका द्राक्ष पुढे आणलं, तेव्हा फेब्रुवारीत जाल तर पिशवी मोठी न्या. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, पण ते अंतर या चौघांसाठी एका दिवसाचं नव्हे. तिथं सायकली टेम्पोत टाकून जा आणि शेवटचा टप्पा चालवा.

परत यायचं साडेचारला निघून. सहाच्या आधी सूर्य मावळतो आणि महामार्गावर संधिप्रकाश सगळ्यात वाईट, दिवे लावलेले नसतात आणि माणूस दिसत नाही. मागे लाल दिवा असू द्या, तुमच्या अंगात उठून दिसणारा शर्ट असू द्या, कारण तुम्ही सगळ्यात मागे आहात.

आणि मुलगा मध्येच कंटाळला तर, परत फिरा. त्याला ‘आता थोडंच राहिलं’ असं खोटं सांगू नका, मुलं ते एकदाच ऐकतात. बांधापासून सिद्धेश्वर आठ-दहा किलोमीटर, दुपारनंतर वारा पाठीशी. त्यातूनही पाय चालेनात तर गावातून शहराकडे जाणारा रिकामा छोटा टेम्पो मिळतो. हात करा, सायकली वर चढवा. बाबा बहुधा चढणार नाहीत. त्यांना चालवत येऊ द्या, आणि मुलीला त्यांच्यासोबत ठेवा.